बुरशीलाही वाफसा लागतो



मागच्या दोन महापुरांनंतर याच पानावर आम्ही बुडालेल्या उसाविषयी पुष्कळ लिहिले. शेंड्यात गाळ बसला असेल तर काय करावे, कोणता ऊस आधी तोडावा, खोडवा ठेवावा की मोडावा, सगळे सांगितले. घराविषयी मात्र एक ओळ लिहिली नाही. घर हा शेतकी खात्याचा विषय नव्हे, अशी आमची समजूत होती. ती चुकीची होती, हे एका सभासदांच्या माजघरात उभे राहिल्यावर कळले. म्हणून हा लेख.

एका वाड्याची गोष्ट

नदीकाठच्या गावातला जुना वाडा. दगडी जोते, हातभर जाडीच्या भिंती आणि माजघराखाली तळघर. तळघराचे छत तीच माजघराची जमीन. सागवानी तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि वर मातीचा थर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट. दोन्ही वेळा या वाड्याच्या उंबऱ्याला पाणी लागले नाही. "उंबरा वाचला म्हणून नारळ फोडला बघा," मालक सांगत होते.

उंबरा वाचला, पण तळघर भरले होते. मोटार लावून त्यांनी पाणी उपसले. गाळ थोडा राहिला, तो तसाच ठेवला. पुन्हा पाणी शिरू नये म्हणून गवंडी बोलावून तळघराचे दोन्ही झरोके विटा-सिमेंटने बुजवले. त्याच गवंड्याकडून माजघरात फरशी बसवून घेतली. तळघराला कुलूप लावले आणि विषय संपला.

दोन पावसाळे गेले. घरात कुबट वास येऊ लागला. मालकांच्या आईंचा खोकला हटेना. मग फरशीचा एक सांधा उघडला आणि कोपरा बोटभर दबला. त्याच कोपऱ्यात आईंची खाट. थोरल्या मुलाला शंका आली, त्याने खाट सोप्यात हलवली. चार दिवसांनी तो कोपरा खाली बसला. कुणाला इजा झाली नाही, हे त्या पोराच्या हुशारीने.

आम्ही गेलो तेव्हा तुळईचे भिंतीतले टोक उघडे पडले होते. बोटाने दाबले तर पुरणासारखे दबत होते. मालक म्हणाले, "सागवान हाय साहेब, आजोबाच्या आधीचं. शंभर पावसाळं काढलं त्यानं. मग आत्ताच कसं कुजलं?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या शेतातच आहे.

पाचट कसे कुजते, ते आठवा

खोडव्यात आपण पाचट जाळत नाही, सरीत कुजवतो. त्यासाठी काय काय करतो? पाचटाची कुट्टी करतो किंवा ते नीट पसरतो. युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जीवाणू खत टाकतो. ते मातीला टेकेल असे दाबतो आणि पाणी देतो. आठवड्याभरात हात घालून बघितले तर खाली पांढरी जाळी धरलेली दिसते. ती बुरशी. तिने काम सुरू केले की कडक पाचट मऊ पडते, तपकिरी होते आणि शेवटी खत बनते.

आता बांधावर पडलेला पाचटाचा ढीग बघा. वरचे कोरडे पाचट वर्ष झाले तरी तसेच खडखडीत असते. आणि पाण्याच्या डबक्यात पूर्ण बुडलेले पाचट? तेही असे भराभर खत होत नाही, नुसते काळे पडून घाण वास मारते. म्हणजे नुसत्या पाण्याने भागत नाही आणि नुसत्या हवेनेही भागत नाही. दोन्ही एकत्र लागतात. आपण शेतकरी याला वाफसा म्हणतो. उसाच्या मुळाला जसा वाफसा लागतो, तसा बुरशीलाही लागतो.

लाकूड आणि पाचट एकाच घराण्यातले. दोन्हींचा सांगाडा सेल्युलोज आणि लिग्निन या द्रव्यांचा. पाचट पातळ म्हणून काही महिन्यांत कुजते, लाकूड जाड म्हणून वर्षे लागतात. फरक एवढाच. दोन्हींत नत्र अगदी कमी, म्हणून तर पाचटाला युरिया घालावा लागतो. लाकूड ओल्या मातीला टेकले की बुरशी आपल्या धाग्यांवाटे मातीतून ओल घेते आणि थोडेफार नत्रही ओढून घेते.

कुंपणाचा डांब कुठे कुजतो, तेही आठवा. वर कुजत नाही, खोल मातीतही सहसा उशिरा कुजतो. जमिनीच्या रेषेला कुजतो, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. उलट, विहिरीच्या पाण्यात कायम बुडालेले लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकते, कारण तिथे हवा नाही.

यावरून त्या वाड्याचे कोडे सुटते. पुरात तुळया बुडाल्या तेव्हा त्या कुजल्या नाहीत. पूर ओसरल्यावर कुजू लागल्या. झरोके बुजवले, वर फरशी घातली, खाली ओला गाळ ठेवला आणि कुलूप लावले. बंद तळघरातली हवा बुरशीला पुरेशी होती, ओल मात्र बाहेर जायला वाट नव्हती. शंभर वर्षे तळघर झरोक्यातून श्वास घेत होते, मातीच्या जमिनीतून वर वाळत होते. आपण त्याचे नाक-तोंड बंद केले. जे पाचटाला मुद्दाम करतो, ते तुळईला नकळत केले.

बुरशी वेगळी, कूज वेगळी

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. घरात, शेतात, आपल्या अंगावरच्या कपड्यांतही. ते कुठून आले हे शोधण्यात अर्थ नाही. अनुकूल ओल मिळाली की रुजतात, नाही मिळाली तर तसेच पडून राहतात. भिजलेल्या लाकडावर एक-दोन दिवसांतही बुरशीला सुरुवात होऊ शकते.

पृष्ठभागावर दिसणारी काळी, हिरवी किंवा पांढरी भुकटी म्हणजे साधी बुरशी. ती लाकडाच्या वरवरची साखर, पिष्ट आणि धूळ खाते. तिने लाकडाची ताकद फारशी कमी होत नाही. पण ती सांगावा घेऊन आलेली असते की इथे ओल आहे. सांगावा ऐकला नाही तर मागून कूज येते.

कूज आणणारी बुरशी लाकडाचा सांगाडाच खाते. तिच्या दोन तऱ्हा ओळखून ठेवा. एकीत लाकूड गडद तपकिरी होते, आडव्या-उभ्या भेगा पडून चौकोनी तुकडे दिसतात आणि चोळले की भुगा होतो. दुसरीत लाकूड फिकट पडते, मऊ होते आणि त्याचे धागे सुटतात. दोन्हींत वरची कातडी बरेचदा शाबूत असते, म्हणून रंग दिलेला खांब बाहेरून धडधाकट दिसतो.

सागाच्या गाभ्यात कूज रोखणारी द्रव्ये असतात म्हणून तो टिकतो. पण बाहेरचे फिकट लाकूड, मग ते सागाचे का असेना, लवकर जाते. आणि गाभाही अमरपट्टा घेऊन आलेला नाही. आंब्याच्या लाकडाची तर गोष्टच सोडा.

ओल किती झाली म्हणजे धोका?

उसाचा उतारा काढतो तशी लाकडाची ओलही काढता येते. एक लहान तुकडा कापून घ्यावा, लगेच वजन करावे. मग कडक उन्हात किंवा भट्टीच्या उबेला वजन उतरायचे थांबेपर्यंत सुकवावा आणि पुन्हा वजन करावे. समजा, ओला तुकडा १३० ग्रॅम भरला आणि सुकून १०० ग्रॅम राहिला. ३० ग्रॅम पाणी गेले. सुक्या वजनाच्या मानाने ओल ३० टक्के. उन्हात सुकवलेल्या लाकडात थोडी ओल उरते, म्हणून खरा आकडा याहून जरा जास्तच असतो, हे लक्षात ठेवावे. सुया टोचून ओल सांगणारे छोटे यंत्रही मिळते.

आता आकडे ध्यानात ठेवा. ओल २० टक्क्यांच्या खाली कायम राहिली तर लाकूड कुजत नाही. २० च्या वर वरवरची बुरशी धरण्याची भीती. २८ ते ३० टक्क्यांच्या पुढे कुजीला मोकळे रान. म्हणजे सगळा खेळ लाकूड २० च्या आत ठेवण्याचा आहे. उष्णता आपल्या हातात नाही, हवा बंद करता येत नाही, लाकूड हेच अन्न असल्यामुळे तेही काढून घेता येत नाही. हातात आहे ती फक्त ओल.

ओल येते कुठून?

पूर दर वर्षी येत नाही. ओल मात्र बऱ्याच घरांत बारमाही असते. तिच्या वाटा अशा :

१. जमिनीतून वर चढणारी ओल. दिव्याची वात तेल वर ओढते, तशी माती आणि भिंत पाणी वर ओढते. काळ्या जमिनीत हे अधिक. भिंतीला लोणा फुटला असेल तर ही वाट चालू आहे असे समजा.

२. वळचणीचे पाणी. पन्हळ नसेल तर पागोळ्या थेट जोत्याच्या कडेला पडतात आणि तिथेच मुरतात.

३. न्हाणी आणि मोरी. फुटलेल्या नळीचे पाणी भिंतीत मुरते, ते दिसत नाही. भिंतीत रुतलेली तुळयांची टोके ते आधी पितात.

४. वर आलेला रस्ता. गल्लीत दर काही वर्षांनी काँक्रीटचा नवा थर पडतो, जुना कुणी उकरत नाही. रस्ता वर येतो, जोते खाली जाते आणि गल्लीचे पाणी घराकडे वळते.

५. भिंतीला टेकलेला गोठा, उकिरडा किंवा मातीची भर.

६. आणि आपला पाट. हे लिहिताना आम्हालाही जड जाते, पण लिहिले पाहिजे. गावाला लागून असलेल्या उसाला आपण गरजेपेक्षा जास्त पाणी देतो. ते मुरते, भूजलाची पातळी वर येते. रान क्षारपड होते हे आपण पाहिले. त्याच पाण्याने घरांचे पायेही ओले राहतात, हे ध्यानात घेत नाही. ठिबक आणि चर यांचा फायदा उसापुरता नाही, गावठाणालाही आहे.

तपासणी कशी करावी?

तळघर पुष्कळ दिवस बंद असेल तर एकदम उतरू नये. जुन्या पेवात किंवा विहिरीत माणसे गुदमरून गेल्याच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत. कुजणाऱ्या गाळाने तळघरातही तसेच होऊ शकते. दार-झरोके उघडून एक-दोन दिवस हवा खेळू द्यावी, पंखा बाहेरून लावावा. घराची वीज बंद करून बॅटरी घेऊन उतरावे. एकट्याने उतरू नये, वर एक माणूस उभा ठेवावा. चक्कर आल्यासारखे वाटले की तत्काळ बाहेर. सापा-विंचवाचे भान ठेवावे हे सांगायला नकोच.

आत गेल्यावर आधी नाकाने तपासा. कुबट वास म्हणजे कुठेतरी ओल. मग डोळ्याने : तुळयांची टोके, खांबाचा तळखड्याजवळचा वीतभर भाग, फळ्यांची खालची बाजू. शेवटी हाताने : पेचकस किंवा आरी टोचावी. निरोगी लाकूड टोक आत घेत नाही, घेतले तर लांब कड निघते. कुजलेल्या लाकडात टोक सहज शिरते आणि तुकडा मधोमध मोडतो. हातोडीने ठोकून आवाजही ऐकावा, बद्द आला तर शंका घ्यावी. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर त्याही ओलीच्या मागे आल्या आहेत असे बहुधा निघते.

जमिनीतून ओल येते की नाही हे पाहायचे असेल तर दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद जमिनीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस-रात्र ठेवावा. सकाळी कागदाच्या खालून थेंब दिसले तर उत्तर मिळाले.

उपाय : आधी पाणी, मग लाकूड, शेवटी रंग

आपण सगळे उलट करतो. बुरशी दिसली की आधी रंग, मग पुन्हा रंग. आमचे सांगणे असे :

पहिले काम पाण्याचे. पन्हळी लावा, मोरी दुरुस्त करा, जोत्याभोवतीची जमीन घराकडून बाहेर उतरती करा. गल्लीचे पाणी येत असेल तर ग्रामपंचायतीला लेखी कळवा, पुढचा थर घालण्याआधी जुना उकरायला लावा.

दुसरे काम वाळवण्याचे. तळघरातला गाळ पूर्ण काढा. ओला गाळ म्हणजे पाण्याची टाकीच. बुजवलेले झरोके उघडा, उंदरांची भीती असेल तर जाळी बसवा. पण एक लक्षात घ्या. भर पावसाळ्यात बाहेरची दमट हवा थंड तळघरात शिरली की तिचे पाणी लाकडावरच बसते. म्हणून झड लागलेल्या दिवसांत झरोके लोटून घ्यावेत, उघडीप मिळाली की उघडावेत. खरे वाळवण ऑक्टोबरपासून पुढच्या कोरड्या दिवसांत होते. तो काळ ऊसतोडीच्या गडबडीत वाया घालवू नका. तळघराची जमीन मुळातच ओल धरत असेल तर तिच्यावर शेततळ्याला वापरतात तसा जाड प्लास्टिकचा कागद अंथरा. कागद जमिनीवर हवा, लाकडाला गुंडाळायचा नाही.

तिसरे काम लाकडाचे. वरवरची बुरशी साबणाच्या पाण्याने, ब्रशने घासून काढा आणि वाळू द्या. कोरडी झाडू नका, भुकटी घरभर उडते. नाका-तोंडाला चांगला मास्क आणि हातमोजे वापरा. कुजलेला भाग मात्र धुऊन बरा होत नाही. आधी जाणत्या सुताराकडून टेकू द्यावेत, मगच खांबाला किंवा तुळईला हात लावावा. कूज दिसते तिथून पुढे निरोगी लाकडाचाही फूटभर भाग काढून नवा सुका तुकडा जोडावा. खांब पुन्हा बसवताना दगड आणि लाकूड यांच्यामध्ये डांबरी कागद घालावा, म्हणजे वातीचे काम तिथेच थांबते. वाळलेल्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे पाणी जाणकाराच्या सल्ल्याने लावले तर कूज आणि कीड दोन्हींना आळा बसतो. पण हे औषध पाण्यात विरघळते. ओल चालू असेल तर लावलेले वाहून जाईल.

हे करू नका

ओल्या लाकडाला ऑइलपेंट किंवा डांबर फासू नका. आतली ओल आतच राहते आणि कातडीखाली कूज चालू राहते. दगड-मातीच्या जुन्या भिंतीला खालपर्यंत सिमेंटचा गिलावा करू नका. भिंत वाळायची थांबते आणि ओल आणखी वर चढते. चुना त्या मानाने बरा. ब्लीचिंगच्या पाण्यात संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

छातीचाही विचार करा

बुरशी लाकूडच खाते असे नाही, माणसालाही त्रास देते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ओलसर घरांत राहणाऱ्यांना खोकला, धाप, दमा यांचा त्रास अधिक होतो, असे त्यात सांगितले आहे. लहान मुले, म्हातारी माणसे आणि दमेकरी यांना जपावे.

साखर धंद्यातल्या माणसांना हे नवीन नाही. गाळपातून निघणाऱ्या बगॅसमध्ये निम्म्याच्या आसपास पाणी असते. ते ढिगात तापते, त्यात उष्णतेत वाढणारे सूक्ष्म जीव माजतात आणि पुढे वाळल्यावर त्यांची धूळ उडते. ती छातीत जाऊन होणाऱ्या आजाराला बगॅसोसिस म्हणतात. धुळीत काम केल्यावर काही तासांनी ताप, खोकला, धाप. ताज्या बगॅसने हा आजार होत नाही, जुन्या बुरसटलेल्याने होतो. तळघरातली वाळलेली बुरशी झाडताना हेच आठवा. बरेच दिवसांचा खोकला असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि त्यांना घरातल्या ओलीविषयीही सांगा.

शेवटी

त्या वाड्यात दोन तुळया बदलल्या, तिसरीला टोकाशी जोड दिला. झरोके उघडले, गाळ काढला, खाली कागद अंथरला. माजघरात आता फरशीऐवजी फळ्या आहेत, खालून वाळत्या राहणाऱ्या. झरोके न बुजवता पुराच्या वेळी बाहेरून लावायची फळी करून ठेवली आहे. पूर ओसरला की ती आधी काढायची, असे त्यांनी तिच्यावरच खडूने लिहिले आहे. आईंची खाट अजून सोप्यात आहे. एक पावसाळा बघून मग आत नेऊ, म्हणतात. आम्हाला ते पटले.

सभासदांना विनंती एवढीच की या दिवाळीच्या साफसफाईत एक दिवस तळघरासाठी राखून ठेवा. तळघर नसेल तर खांबांचे पाय बघा, चौकटीची खालची टोके बघा, देवळाचा सभामंडप आणि सोसायटीच्या गोदामात पोत्यांखाली घातलेल्या फळ्याही बघा. सोबत एक पेचकस असू द्या. वाफसा रानात असावा, घराखाली नसावा.